प्रियसचे टायर घातलेली स्पोर्ट्स कार

२०१२ साली टोयोटाने जीटी८६ आणली तेव्हा तिच्या चाकांवर काय बसवलंय हे कळल्यावर गाडीवेड्या मंडळींनी कपाळावर हात मारला होता. मिशलिन प्रायमसी एचपी, साइझ २१५/४५ आर १७. टायर वाईट नव्हे, सभ्य टायर, शांत, पेट्रोल वाचवणारा, आणि हाच टायर टोयोटाच्या प्रियस हायब्रिडलाही मिळायचा. म्हणजे दोनशे पीएसचं (पीएस म्हणजे अश्वशक्ती) इंजिन, ताकद मागच्या चाकांना, दोन दारांची ठेंगणी गाडी, आणि खाली टायर मात्र टॅक्सीवाल्यांच्या लाडक्या गाडीचे. लोकांना वाटलं कंपनीने चार पैसे वाचवले. तसं नव्हतं. मुख्य इंजिनियर तेत्सुया ताडा यांनी हे ठरवून केलं होतं, त्यांचे तीन नकार आमच्या वर्तुळात सगळ्यांना पाठ आहेत: टर्बो नाही, फोर-व्हील ड्राइव्ह नाही, भरमसाट ग्रिपचे टायर नाहीत. (गाडीच्या नावाला जुळावं म्हणून इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरची रुंदी, ८६ मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, तीही ८६ ठेवणारी माणसं टायर काय डोळे मिटून निवडतील होय!)

तर अशी एक सेकंडहँड जीटी८६ माझ्याकडे आहे, मी राहतो जर्मनीत, स्टुटगार्टच्या बाजूला, आणि यंदा तिचे उन्हाळी टायर बदलायची वेळ आली. आपल्याकडे म्हणतात तसे अगदी गोटा झाले नव्हते, पण खाचांची खोली तीन मिलिमीटरच्या खाली गेली होती. कायद्याने इथे १.६ मिलिमीटर चालतं, खाचेच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात त्यांना टायर टेकला की संपलं. पण इथला ऑटोमोबाइल क्लब एडीएसी म्हणतो की उन्हाळी टायर अडीचलाच बदला, आणि पावसात ऑटोबानवर, म्हणजे इथल्या हायवेवर, एकदा जाऊन आलं की ते का म्हणतात हे कोणी समजावून सांगायची गरज उरत नाही.

उन्हाळी टायर म्हणजे काय हा प्रश्न पुण्यात कोणी विचारत नाही, कारण तिथे सगळेच टायर त्या अर्थाने उन्हाळी. इथे वर्षात दोनदा चाकं बदलतात, ऑक्टोबर ते ईस्टर हिवाळी, बाकी उन्हाळी. गंमत म्हणजे कायद्यात तारीख नाहीये, परिस्थिती बघा म्हणतो कायदा, बर्फ-चिखल असताना हिवाळी टायर नसले तर ६० युरो दंड आणि लायसन्सच्या खात्यावर एक पॉइंट. बाकी कधी बदलायचं हे तुमचं तुम्ही बघा. म्हणून मार्चच्या शेवटी सगळं शहर एकाच आठवड्यात टायरवाल्याकडे अपॉइंटमेंट मागतं आणि टायरवाले त्या महिन्यात कुणाचंच नीट ऐकून घेत नाहीत.

पण टायर निवडायचा म्हणजे आधी तो काम काय करतो ते बघायला लागतं, आणि इथे मला जरा रेंगाळायचंय.

माझी गाडी साधारण १२४० किलो, मी आणि पेट्रोल वगैरे धरून १३२०. एका चाकावर ३३० किलो. टायरमधली हवा २.४ बार. आता भागाकार करा, वजन भागिले दाब, एका टायरचा रस्त्याला टेकणारा भाग येतो जेमतेम १३५ चौरस सेंटिमीटर. साधारण पोस्टकार्डाएवढा. चारही टायर मिळून एका ए-फोर कागदाएवढीसुद्धा जागा भरत नाही! ब्रेक, स्टिअरिंग, इंजिन, पाच हजारांचं सस्पेन्शन की पन्नास हजारांचं, जे काही करायचं ते सगळं त्या कागदाएवढ्या रबरातून. (हिशोब ढोबळ आहे, टायरच्या भिंतीही थोडं वजन पेलतात, पण फार चुकत नाही.) आणि लोक एक्झॉस्टवर पैसे घालतात. असो.

ते रबर रस्ता धरतं दोन रीतींनी. एक म्हणजे सरळ चिकटतं, स्वच्छ कोरड्या डांबराला. दुसरी रीत जास्त मजेची: रस्त्यातल्या बारीक खडीच्या टोकांवर रबर दबतं आणि मूळ आकारात परत यायला किंचित उशीर करतं, त्या उशिरापायी ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते, आणि गाडीला धरून ठेवणारी ओढ तयार होते. पाऊस पडला की पहिली रीत जवळपास गेली, मग सगळी भिस्त दुसरीवर. अडचण अशी की उशीर करणारं रबर नुसतं सरळ फिरतानाही ऊर्जा खातं, म्हणजे पेट्रोल जास्त. यावर तोड निघाली सिलिकाची, मिशलिनने १९९२ मध्ये काजळीच्या जागी सिलिका घातलेला टायर बाजारात आणला, ब्रेकच्या वेळी रबर आळशी आणि एरवी चपळ, असं दोन्ही साधलं. आजचा प्रत्येक चांगला उन्हाळी टायर त्याच वाटेने चाललाय.

पण या रबराला थंडी सोसत नाही. साजूक तूप थिजतं तसं ते कडक होतं, खडीत रुतायचंच बंद करतं. साधारण सात अंशांची रेघ सगळे सांगतात, सात हा काही देवाने आखून दिलेला आकडा नाही, आठला टायर चालतो आणि सहाला मरतो असं होत नाही, हळूहळू पकड सुटत जाते. माझ्यासाठी हे पुस्तकी नाही. मी मुद्दाम गाडी चालवायला जातो तो रस्ता म्हणजे बी ५००, बाडेन-बाडेनहून फ्रॉयडेनश्टाटकडे जाणारा, ब्लॅक फॉरेस्टच्या माथ्यावरून. खाली बाडेन-बाडेनला मे महिन्यात सकाळी लोक बाहेर बसून कॉफी पितात आणि वर मुमेलझे तळ्यापाशी, हजार मीटरच्या वर, झाडांच्या सावलीत रस्ता ओला आणि पारा पाच-सहावर. एकाच सकाळी, एकाच टायरवर, दोन ऋतू. जिथे वळण आतल्या बाजूला दबतं तिथे डोंगरातून झिरपलेलं पाणी रस्ता ओलांडत असतं, उन्हातून सावलीत शिरलात की ते दिसायला डोळ्यांना क्षणभर लागतो, आणि तेवढ्यात पुढची चाकं त्यावरून गेलेली असतात. स्टिअरिंग अर्ध्या सेकंदापुरतं हलकं होतं. बस एवढंच. पण त्या अर्ध्या सेकंदात टायर काय बोलतो यावर मी टायर निवडतो, वर्तुळाकार ट्रॅकवर तो किती सेकंदांत फिरला यावर नाही.

म्युनिकचा माझा एक मित्र, मूळचा नाशिकचा, बीएमडब्ल्यूवाला, त्याला हे पटत नाही. त्याचं म्हणणं एकच, "अरे सेमी-स्लिक घाल, ते कमी खाचांचे, जवळपास रेसचेच टायर. टोयो आर८८८आर घे, योकोहामाचा निओवा घे, स्वस्तात पाहिजे तर नानकांगचा एआर-१ घे. त्याशिवाय गाडी काय आहे तुला कळणारच नाही." त्याचं चूक आहे असं नाही, कोरड्या गरम ट्रॅकवर ते टायर चालवले की बाकीचे टायर लाकडाचे वाटायला लागतात. पण त्यांना आधी गरम व्हावं लागतं, माझ्या रस्त्यावर बऱ्याच ठिकाणी ७० ची पाटी आहे, ७० ला ते टायर गरम होतात कधी? खाचा कमी म्हणजे पाणी काढायला जागा कमी, आवाज घोंघावणारा, आणि झीज अशी की एका मोसमात खिसा रिकामा.

त्याच्याशी माझा खरा वाद मात्र वेगळाच आहे, आणि हा मुद्दा जीटी८६ वाल्यांनाच नीट कळेल. या गाडीला टॉर्क, म्हणजे चाकं फिरवायचा जोर, २०५ न्यूटन-मीटर, त्यातही साडेतीन ते साडेचार हजार आरपीएमच्या मध्ये तो जोर कमी पडतो, असा एक खड्डा आहे जो सगळ्या मालकांना माहितेय. प्रायमसीवर ही गाडी वळणात हलते. दुसऱ्या गिअरला, ओल्या चौकात, वेग असा की पोलीसही बघत बसले तरी पावती फाडणार नाहीत, आणि तरी मागचं टोक अलगद बाहेर येतं, तुम्ही स्टिअरिंग किंचित उलटं देता, ती परत येते. ताडा यांना नेमकं हेच हवं होतं, पकडीची मर्यादा अशा वेगाला यावी जिथे साधा माणूस तिला भेटू शकेल. आता याच गाडीला दुप्पट चिकट टायर घाला. मर्यादा वर गेली, कोपरा जास्त वेगाने निघतो, स्टॉपवॉच खूश. आणि इंजिन? तेच इंजिन आता मागची चाकं हलवूच शकत नाही. लोक टायर बदलतात आणि महिनाभरात म्हणायला लागतात गाडीला ताकद कमी आहे, मग टर्बो किटच्या किमती बघतात. अरे ताकद तेवढीच आहे, तुम्ही तिच्या पायाखाली फेविकॉल ओतलात!

शिवाय मर्यादा वर गेली की ती गाठली जाते तेव्हा वेग जास्त असतो, आणि चिकट टायर सुटतात तेही झटक्यात. टायर वळतो तो किंचित तिरका चालूनच, चाकाची दिशा आणि टायरची खरी वाट यात काही अंशांचा फरक पडतो, फरक वाढत जातो तशी पकड वाढते, एका टोकाला पोचते आणि मग उतरते. काही टायरांत तो माथा पठारासारखा पसरट असतो, काहींत सुळक्यासारखा. पठारवाला टायर सुटायच्या आधी भरपूर सांगतो, स्टिअरिंगमधून, सीटमधून, आवाजातून. सुळकेवाला काही सांगत नाही, थेट कृती करतो. टायरच्या जाहिरातीत पठार की सुळका हे कुठेच लिहिलेलं नसतं.

युरोपियन युनियनचं लेबल असतं टायरवर, २०२१ पासून नव्या रूपात, ओल्यात ब्रेक कसा लागतो त्याला ए ते ई, पेट्रोल किती खातो त्याला ए ते ई, आणि आवाज डेसिबलमध्ये. उपयोगी आहे, नाव ठेवणार नाही. पण आवाजाचा आकडा हा रस्त्याच्या कडेला उभ्या माणसाला किती ऐकू येतो त्याचा, गाडीत बसून तुम्हाला किती ऐकू येईल त्याचा नाही, हे निम्म्या गिऱ्हाइकांना माहीतच नसतं. कोरड्यात कसा वळतो, पाण्यावर कधी तरंगायला लागतो, किती हजार किलोमीटर जाईल, यातलं काहीच त्यावर नाही. आणि या वर्गातले सगळे नामवंत टायर ओल्यात ए घेऊनच येतात, म्हणजे मेरिट लिस्टमध्ये सगळेच पहिले, मग निवडायचं कसं?

मग उरतात मासिकांच्या आणि एडीएसीच्या टेस्ट. एडीएसी आता शंभरातले सत्तर टक्के सुरक्षिततेला आणि तीस टक्के पर्यावरणाला देतं, त्यात झीजही आली, त्यामुळे निकाल जरा उलटेपालटे होतात, लवकर झिजणारे धारदार टायर खाली घसरतात. मला हे बरं वाटतं. फक्त एक ध्यानात ठेवायचं, टेस्ट होतात फॅमिली गाड्यांवर, नव्या कोऱ्या टायरांवर. मागच्या चाकांना ताकद असलेल्या हलक्या गाडीवर तोच टायर तसाच वागेल याची हमी नाही.

याच दिवसांत बाबांचा फोन. बाबा साताऱ्याला एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते, टायर हा त्यांचा विषय, एसटी स्वतःचे टायर स्वतः रिमोल्ड करते, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवते, आणि कुठल्या टायरमध्ये अजून जीव आहे हे बाबांना नुसता हात फिरवून कळायचं.

"तीन मिलिमीटर आहे म्हणतोस? मग अजून वर्षभर जाईल की."

"बाबा, इथं पावसात हायवेला लोक एकशेवीसनं जातात."

"मग दोन घे. पुढं नवीन घाल, मागं जुनं ढकल."

त्यांच्या जगात हे शंभर टक्के बरोबर आहे. बसला रिमोल्ड टायर पुढे लावत नाहीत, कारण पुढे एका बाजूला एकच टायर, तो फुटला तर स्टिअरिंग हातात राहत नाही आणि खंबाटकी घाटात ते काय असतं विचारू नका. मागे जोडी असते, एक गेला तर दुसरा धरतो. आमच्या छोट्या गाडीत बरोब्बर उलटं. दोनच नवीन घेतले तर ते मागे लावायचे, टायर कंपन्याही हेच सांगतात. ओल्यात पुढचं टोक घसरलं तर गाडी सरळ जाते, माणूस घाबरून पाय काढतो, वेग उतरतो, पकड परत येते. मागचं घसरलं तर गाडी गर्रकन फिरते आणि घाबरून पाय काढणं हीच तेव्हा सगळ्यात वाईट गोष्ट. हे सगळं मी फोनवर सांगितलं, बाबांनी ऐकून घेतलं, जरा थांबले, आणि म्हणाले, "बरोबर आहे. मागं जोडी नाही ना." एवढ्यात त्यांनी सगळं ओळखलं, मला ते समजायला किती वाचावं लागलं होतं! चारही बदलायचे हे मात्र त्यांना शेवटपर्यंत उधळपट्टीच वाटली.

तर यादी. योकोहामा, हँकूक, पिरेली यांच्यावर मी फार वेळ घालवला नाही, वाईट आहेत म्हणून नव्हे, कुठेतरी थांबायला लागतं. ब्रिजस्टोन पोटेंझा स्पोर्ट, कोरड्यात स्टिअरिंग एकदम धारदार, झिजण्याच्या कोष्टकात मात्र मागे. (ब्रिजस्टोनचा एक कारखाना आपल्या चाकणला आहे, पण तेवढ्यावर टायर घेता येत नाही.) मिशलिन पायलट स्पोर्ट ५, टिकाऊ, ओल्यात पक्का, आणि बाजूवरची अक्षरं मखमली काळी, टायरला मखमल कशाला हवी हे मला कळलेलं नाही पण दिसतं छान हे मान्य. गुडइयर ईगल एफ१ असिमेट्रिक ६, समतोल, कशातच पहिला नाही आणि कशातच नापास नाही. आणि चौथा कॉन्टिनेंटलचा प्रीमियमकॉन्टॅक्ट ७, जो खरंतर या तिघांच्या एक पायरी खालचा धरला जातो, कम्फर्टवाला, स्पोर्ट हा शब्दही नाही नावात.

मी तोच घेतला.

मित्र फोनवर हसतच सुटला. "म्हाताऱ्यांचे टायर घेतलेस तू!" म्हटलं हो, आणि गाडी जन्मली तीसुद्धा म्हाताऱ्यांच्याच टायरवर. ओल्या रस्त्यावर हा टायर वरच्या तिघांपुढे मान खाली घालत नाही, कोरड्यात मर्यादा थोडी अलीकडे येते आणि मला ती अलीकडेच हवी आहे. नॉर्डश्लायफंवर, म्हणजे न्युरबुर्गरिंगच्या जुन्या रेस ट्रॅकवर, सलग फेऱ्या मारायच्या असतील तर घेऊ नका, वीस किलोमीटर आठशे मीटरच्या त्या एका फेरीत टायरच्या कडा तापून तो निसरडा व्हायला लागेल. मी तिकडे वर्षातून कधीतरी जातो, तेवढ्यासाठी बाकीचं अख्खं वर्ष घोंघाट ऐकायचा हा सौदा मला जमत नाही. ज्याचं वर्ष उलटं आहे त्याने उलटं घ्यावं.

एका गोष्टीत मन मारावं लागलं. मूळ टायर ८७ डब्ल्यू होता, ८७ म्हणजे एका टायरला ५४५ किलो पेलायची क्षमता, डब्ल्यू म्हणजे ताशी २७०. आता या साइझमध्ये जे मिळतं ते बहुतेक ९१ वाय, एक्सएल (जादा भार पेलणारा), म्हणजे ६१५ किलो आणि ताशी ३००. माझ्या चाकावर येतात ३३०. आजच्या गाड्या वजनदार झाल्या, टायर त्यांच्यासाठी भक्कम झाले, आणि हलक्या गाडीवाल्यांनी तो कडकपणा मुकाट्याने सोसायचा. छोट्या खड्ड्यांवर तो जाणवतो. रुंद २२५ चाही सल्ला कोणीतरी दिला होता, पण गाडीच्या कागदपत्रांत नसलेली साइझ घातली की तपासणी करून नोंद करून घ्या, आणि एवढं करून मिळणार काय तर जास्त ग्रिप, जी मला नकोच होती.

टायरवाला तुर्की, वयाने मोठा, कमी बोलणारा. त्याच्याकडे मी पहिल्यांदा टायरच्या बाजूवरचे डॉटचे चार आकडे वाचले, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष, इथे तीन वर्षांपर्यंत पडून असलेला टायरही नवा म्हणून विकता येतो आणि त्यात बेकायदेशीर काही नाही, पण सहा महिन्यांचा मिळत असेल तर आपण का सोडा. त्याने माझ्याकडे बघितलं, काही बोलला नाही. मग बाहेरची बाजू बाहेरच आहे ना हे मी बघितलं, असिमेट्रिक, म्हणजे आतल्या-बाहेरच्या खाचा वेगळ्या असलेल्या, टायरवर ते लिहिलेलं असतं. तेव्हा मात्र तो म्हणाला, तुम्ही कुठे काम करता, आणि गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये असं सांगितल्यावर समजल्यासारखी मान हलवली.

पहिले दोनेकशे किलोमीटर सांभाळून चालवायचं, साच्यातून टायर सुटावा म्हणून लावलेला पदार्थ पृष्ठभागावर असतो तो जाईपर्यंत नवा टायर निसरडाच. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर चाकांचे नट परत आवळून घ्यायचे. हवा थंड टायरमध्ये बघायची, पेट्रोल पंपापर्यंत वीस किलोमीटर चालवत जाऊन नव्हे. हे सगळं झाल्यावर मी बी ५०० ला गेलो, वर पाऊस होता, आणि तिसऱ्या की चौथ्या वळणात मागचं टोक एक वीतभर सरकलं, वेग हसण्यासारखा, आणि सरकायच्या आधी पुरेसं सांगून सरकलं. पठार. पैसे वसूल.

सगळं मिळून, बसवणं-बॅलन्सिंग धरून, बिल सहाशे युरोच्या आसपास. त्यात शेवटची एक ओळ होती, जुने चार टायर टाकून देण्याची फी. बाबांना बिलाचा फोटो पाठवला होता, टायरच्या किमतीवर ते काही बोलले नाहीत. त्या शेवटच्या ओळीवर मात्र लगेच फोन आला. "भंगारवाला आपल्याला पैसे देतो का आपण त्याला?"